सोलापुरात फ्लॅटमध्ये टोमॅटो-मिरचीची रोपं करायला महागडा ग्रो लाइट लागतो का?

नाही, साधी २० वॅटची पांढरी एलईडी ट्यूब पुरते. खोक्यावर ६५०० केल्विन (प्रकाशाच्या रंगाचं माप) लिहिलेली घ्या. माझी रोपं तिच्याखालीच होतात. अंतर मात्र सांभाळा. ट्यूब शेंड्यापासून चार-पाच इंचांवर टांगा, रोप वाढेल तशी वर ओढा. लांब राहिली की प्रकाश झपाट्याने कमी होतो आणि रोपं दोऱ्यासारखी बारीक होऊन आडवी पडतात. रोज १५ तास लावली तरी महिन्याला ९ युनिटच जळतात. अंकुर दिसेपर्यंत दिवा नकोच, ओल आणि ऊब बास. पण चार पानांचं रोप आपल्या सोलापुरी उन्हात एकदम ठेवू नका, करपतं. आधी आठवडाभर सकाळचं कोवळं ऊन द्या.