बेळगावात अंथरुणाला खिळलेल्या आईसाठी शुश्रूषा केंद्र निवडताना दर्जा आणि खर्च कसा तपासावा?

आईला पक्षाघात झाला आहे, नाकात नळी आहे, रुग्णालय चार दिवसांत घरी सोडणार आहे, अमेरिकेतील भावाने ‘चांगल्या रेटिंगची स्किल्ड नर्सिंग फॅसिलिटी शोध’ असे फोनवर सांगितले आहे आणि प्रत्येक केंद्राचा वेगळा दर ऐकून तुम्ही गोंधळला आहात, असे तुम्ही लिहिले आहे. रेटिंगचे आधी सांगते. अमेरिकेत मेडिकेअर ही सरकारी विमा योजना अशा, म्हणजे प्रशिक्षित परिचारिकांची शुश्रूषा देणाऱ्या, प्रत्येक केंद्राला १ ते ५ तारे देते. तपासणीत काय आढळले, रुग्णांच्या मानाने परिचारिका किती आहेत आणि रुग्णांची प्रकृती प्रत्यक्षात कशी राहिली, या तीन गोष्टींवरून ते तारे ठरतात. किमान ३ दिवस रुग्णालयात दाखल राहून आलेल्या रुग्णाचा केंद्रातील पहिल्या २० दिवसांचा खर्च मेडिकेअर पूर्ण उचलते आणि पुढे १०० व्या दिवसापर्यंत त्यातला काही भाग. आपल्याकडे असे तारेही नाहीत आणि खर्च उचलणारेही कोणी नाही. गुगलवर जे तारे दिसतात, ते बहुधा केंद्राच्या दिवाणखान्याला दिलेले असतात.

तेव्हा त्या तिन्ही गोष्टी आपल्याच डोळ्यांनी पाहाव्या लागतात. मी त्या उशिरा पाहिल्या आणि त्याची किंमत माझ्या वडिलांच्या पाठीने मोजली, म्हणून हे उत्तर लांबणार आहे.

आमचे घर वडगावात, विणकराचे. पुढच्या खोलीत एके काळी माग होते. २०२२ च्या श्रावणात आप्पांना झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. सोळाव्या दिवशी सकाळी रुग्णालयाने ‘आज दुपारी सोडतो’ असे सांगितले. नाकातून नळी, लघवीची नळी, आणि घराचे दार इतके अरुंद की रुग्णालयासारखा पलंग आडवा-उभा कसाही केला तरी आत गेला नसता. पुण्याच्या दादाने तासाभरात इंटरनेटवर एक केंद्र शोधले, तेथील व्यवस्थापकाने व्हिडिओ कॉलवर संगमरवरी फरशी, कुंड्या आणि वातानुकूलित खोल्या दाखवल्या, आणि महिना ३२,००० रुपये दर ऐकून दादा म्हणाला, “यापेक्षा चांगले काय मिळणार?” निवड त्याची होती, मात्र पैसे भरून सही मी केली, हे नाकारत नाही. सही केलेला कागद कन्नड आणि इंग्रजीत होता आणि मी तो पूर्ण वाचला नव्हता. ३४ वर्षे शाळेत गणित शिकवलेल्या बाईला हे शोभत नाही.

भेटीची वेळ सकाळी ११ ते १२ आणि संध्याकाळी ५ ते ६ एवढीच होती. त्या वेळी आप्पा नेहमी स्वच्छ, भांग पाडलेले, छातीपर्यंत चादर ओढलेले असत. सव्विसाव्या दिवशी संध्याकाळी मला वास आला. आया जवळ नव्हती, म्हणून शेजारच्या रुग्णाच्या मुलाला हात लावायला सांगून मी आप्पांना कुशीवर वळवले, तेव्हा माकडहाडावर तळहाताएवढी जखम दिसली, मधोमध काळी पडलेली. अशा रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते आणि ती केव्हा बदलली याची नोंद ठेवावी लागते. मी तो तक्ता मागितला. तक्ता व्यवस्थित होता, दर दोन तासांची नोंद, खाली सही, सर्व एकाच अक्षरात आणि एकाच शाईत. फक्त घड्याळात तेव्हा पावणेसहा वाजले होते आणि तक्त्यात रात्री दहापर्यंतच्या कुशी बदलून झालेल्या होत्या.

त्याच रात्री साडेअकराला मी पांघरूण द्यायचे निमित्त करून पुन्हा गेले. त्या मजल्यावर २२ रुग्ण होते आणि त्यांच्यासाठी एक आया होती. सिस्टर ‘ऑन कॉल’ होत्या, म्हणजे दुसऱ्या इमारतीत झोपलेल्या होत्या. एक बाई दर दोन तासांनी २२ माणसांची कूस बदलू शकत नाही, हे सांगायला गणिताची शिक्षिका लागत नाही. मला त्या आयेचा राग आला नाही. ती बैलहोंगलकडची, विशी-बाविशीतली मुलगी होती आणि सकाळपासूनच उभी होती.

म्हणून तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की केंद्र पाहायला दिवसा जाऊच नका, किंवा गेलात तरी रात्री पुन्हा जा. रात्री रुग्ण किती, जाग्या आया किती, नोंदणीकृत परिचारिका इमारतीत आहे की फोनवर, एवढे मोजा. ‘आमच्याकडे सगळ्या ट्रेन्ड सिस्टर आहेत’ या वाक्याला अर्थ नाही. परिचारिकांमध्ये एएनएमचे शिक्षण दोन वर्षांचे, जीएनएमचे तीन वर्षांचे आणि बी.एस्सी. नर्सिंगचे चार वर्षांचे असते, आणि आया म्हणजे यांपैकी कोणीही नव्हे. नळीतून अन्न देणारी व्यक्ती कोण आहे, हे नाव घेऊन विचारा. अन्न देताना आणि त्यानंतर किमान अर्धा तास डोके व छाती उंच नसेल, तर अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो, आणि अशा रुग्णाला तो परवडत नाही. तेव्हा जेवणाच्या वेळी जाऊन पलंगाची उशाकडची बाजू वर केलेली आहे का, ते पाहा.

आधीच दाखल असलेल्या एखाद्या रुग्णाच्या नातेवाइकाला बाहेर चहाच्या गाड्यावर गाठा आणि ‘पाठीला काही झाले का’ एवढेच विचारा. तुमच्या आईच्या बाबतीत माकडहाड, टाचा आणि खुबे स्वतः पाहा. लाल डाग दिसला तर बोटाने दाबून सोडा. दाबल्यावर तो फिका पडत नसेल तर जखमेची सुरुवात झाली आहे, कातडी अखंड दिसली तरीही. हे मला पहिल्या आठवड्यात कोणी सांगितले असते तर पुढचे तीन महिने वाचले असते. कचऱ्याचे डबेही पाहा. पिवळ्या डब्यात काय आणि लाल डब्यात काय हे ज्या केंद्रातील आयेला सांगता येत नाही, तेथे हात धुण्याचीही शिस्त नसते, असे माझे मत आहे.

कागदपत्रांचे थोडक्यात. कर्नाटकात खासगी वैद्यकीय आस्थापनांसाठी २००७ चा कायदा आहे, बोलण्यात त्याला केपीएमई म्हणतात. त्याखालील नोंदणीचे प्रमाणपत्र आणि दरपत्रक दर्शनी भागात लावलेले असले पाहिजे. आम्ही पाहिलेल्या एका ठिकाणी मला फक्त ट्रस्टच्या नोंदणीचा कागद दाखवण्यात आला. वृद्धाश्रम चालवायला तो पुरत असेल, नाकात नळी असलेल्या माणसाला सांभाळायला पुरत नाही. तक्रार करायची झाल्यास जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण असते. मी तक्रार केली नाही, कारण त्या दिवसांत माझ्यात तेवढे बळ उरले नव्हते.

आता खर्च. पहिल्या केंद्राचा दर ३२,००० होता आणि पहिल्या महिन्याचे बिल ५१,४०० आले. डायपर ६,०००, फिजिओथेरपी ७,२००, नळ्या बदलणे १,४००, आणि त्यांच्याच काउंटरवरून घ्यावी लागलेली औषधे ४,८००. शिवाय ४०,००० रुपये डिपॉझिट, जे ३० दिवसांची पूर्वसूचना न देता सोडल्यास परत मिळत नव्हते. न वाचलेल्या कागदात ते होते आणि ते बुडाले. दुसरे केंद्र टिळकवाडीतील एका जुन्या कौलारू बंगल्यात होते. ११ पलंग, भिंतींचा रंग उडालेला, रात्री दोन आया आणि एक सिस्टर जाग्या. दर ४६,०००, त्यात डायपर, ड्रेसिंग, नळ्या आणि फिजिओथेरपी धरून. औषधे मी बाहेरून आणत असे, तीच ४,८०० ची. एकूण ५०,८००. म्हणजे कागदावर १४,००० रुपयांनी महाग असलेली जागा प्रत्यक्षात ६०० रुपयांनी स्वस्त होती. दादाने मात्र फोटोत उडालेला रंग पाहिला आणि ‘एवढ्या पैशांत हे?’ असे विचारले. तेथील मुख्य सिस्टरनी पहिल्या दिवशी मला पैशांविषयी एकही प्रश्न विचारला नव्हता. आप्पा कोणत्या कुशीवर झोपतात, चहा किती गोड पितात आणि रागावले की काय करतात, हे विचारून वहीत लिहून घेतले होते. जखम भरायला तीन महिने लागले, पण भरली.

विम्याच्या भरवशावर राहू नका. ‘नर्सिंग होमही चालते’ असे आमच्या एजंटाने सांगितले होते. पॉलिसीत न मिळणाऱ्या गोष्टींच्या यादीत एक्सक्लुजन कोड ०५ पाहा: अंघोळ, कपडे, हालचाल अशा रोजच्या कामांसाठीची देखभाल, घरी असो वा केंद्रात आणि प्रशिक्षित परिचारिकेने केलेली असली तरी, तिचा खर्च विम्यातून मिळत नाही. आमचा दावा याच कलमावर परत आला. सीमाभागातील ८६५ गावांना महात्मा फुले योजना लागू करण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये घेतला, त्याविषयी कोणी सांगेल. ती योजना रुग्णालयातील ठरावीक उपचारांसाठी आहे, महिनोन्महिन्यांच्या शुश्रूषेसाठी नाही.

भाषेविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण विचारायला हवे होते. केंद्रातील आया बहुतेक सौंदत्ती, रामदुर्ग, बैलहोंगल भागातील असतात आणि कन्नड बोलतात. आप्पांना बाजारापुरते कन्नड येत होते, झटक्यानंतर तेही समजेनासे झाले. याचा सीमावादाशी काही संबंध नाही. तहान कोणत्या भाषेत कळते, एवढाच मुद्दा आहे. मी एका पुठ्ठ्यावर पाणी, दुखणे, पुरे अशी दहा चित्रे काढून त्यांखाली कन्नड लिपीत ‘नीरु’, ‘नोवु’, ‘साकु’ असे लिहून पलंगाशी टांगले. आप्पा डाव्या हाताने बोट ठेवत. दादाच्या मते त्यासाठी त्यांना पुण्याला न्यायला हवे होते. शेजाऱ्यांच्या मते मिरजेला किंवा कोल्हापूरला. ज्या केंद्रात तुम्ही रोज, वेळी-अवेळी, न कळवता जाऊ शकत नाही ते केंद्र कितीही मराठी असले तरी तुमच्या उपयोगाचे नाही. कोल्हापूर शंभराहून अधिक किलोमीटरवर आहे. महिन्यातून एकदा येणाऱ्या नातेवाइकासाठी रुग्णाचा भांग पाडायला वेळ मिळतो, पाठ पाहू द्यायला मिळत नाही.

आप्पा दुसऱ्या केंद्रात नऊ महिने होते आणि तेथेच गेले. तेराव्याला सर्व पाहुण्यांसमोर दादा म्हणाला, “घरी ठेवले असते तर दोन वर्षे आणखी जगले असते, आणि पैसेही वाचले असते.” पहिल्या अर्ध्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नाही. दुसऱ्याला आहे. घरी दोन पाळ्यांच्या दोन बायका, प्रत्येकी रोज ६५० रुपये, म्हणजे महिना ३९,०००. ड्रेसिंग आणि नळ्यांसाठी येणारी सिस्टर ४,८००, पलंग व हवेच्या गादीचे भाडे ३,५००, घरी येणारा फिजिओथेरपिस्ट ९,६००, डायपर ६,०००, औषधे ४,८००. एकूण ६७,७००. यात त्या बायकांचा चहा-जेवण नाही, आणि यल्लम्माच्या यात्रेला त्या गावी गेल्या की रात्री उठून कूस कोण बदलणार, तेही नाही. ते काम मीच केले असते, आणि माझी पाळी दादाने कधीच हिशेबात धरलेली नव्हती. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा ‘मुले’ म्हणताना मुलगा आणि मुलगी दोघांनाही धरतो. आमच्या घरात हा शब्द निर्णयाच्या वेळी पुल्लिंगी होतो आणि कामाच्या वेळी स्त्रीलिंगी.

हे आकडे आमचे आहेत, त्या वर्षीचे आहेत आणि दोनच केंद्रांवरून काढलेले आहेत. आज दर वाढलेले असतील. ज्यांच्याकडे तळमजल्यावर मोठी खोली, रुंद दार आणि घरात दोन धडधाकट माणसे आहेत, त्यांच्यासाठी घर हेच बरे असेल. तुमच्या आईला वरचेवर कफ ओढून काढावा लागत असेल, तर सक्शन मशीन पलंगाशेजारी आहे की कपाटात, आणि वीज गेल्यावर ते चालते का, हे बाकी सर्वाच्या आधी पाहा. आप्पांना त्याची गरज पडली नव्हती, म्हणून मी वर ते लिहिले नाही.

चार दिवस फार कमी आहेत. डॉक्टरांना आणखी दोन-तीन दिवस मागून घ्या, ते बहुधा देतात. मी मागितले नव्हते. आणि भावाशी खर्चाची वाटणी दाखल करण्याआधी लेखी ठरवा, निदान व्हॉट्सअॅपवर तरी. आमची तोंडी ठरली होती, महिन्याचे ४६,००० निम्मे-निम्मे. नऊपैकी चार महिन्यांचे पैसे आले. दादा हे उत्तर वाचण्याची शक्यता आहे, म्हणून राहिलेल्या पाच महिन्यांचा आकडा लिहून ठेवते: १,१५,००० रुपये.