चॅपल म्हणजे छोटे चर्च?

प्रश्न असा आहे: उत्तर इंग्लंडमधल्या वेअरडेल खोऱ्यावरच्या एका प्रवासलेखात 'मेथडिस्टांचे चॅपल' सारखे येते. चॅपल म्हणजे छोटे चर्चच ना? मराठीत काय म्हणावे?

'छोटे चर्च' ऐकून ऐकून कान किटले! मोठ्या चर्चमधल्या किंवा राजवाड्यातल्या प्रार्थनेच्या दालनाला चॅपल म्हणतात, तेवढ्यावरून कोशकारांनी सगळीच चॅपले लहान करून टाकली. वेअरडेलमध्ये प्रश्न आकाराचा नाहीच, पंथाचा आहे. चर्च म्हणजे राजमान्य चर्च ऑफ इंग्लंडचे, चॅपल त्याबाहेरच्यांचे, म्हणजे इथे मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाचे. शिशाच्या खाणीत राबणारी तिथली कितीतरी कुटुंबे चॅपलवाली. आयर्सहोपबर्नचे हाय हाऊस चॅपल १७६० चे. पुढे मेथडिस्टांतच वेस्लियन आणि प्रिमिटिव्ह अशा चुली वेगळ्या झाल्या, त्या १९३२ साली एक झाल्या. तोवर एकाच गावात दोघांची दोन चॅपले असायची. (प्रिमिटिव्ह म्हणजे इथे 'मुळाबरहुकूम'. 'आदिम मेथडिस्ट' असे भाषांतर वाचले आणि पुस्तक मिटून ठेवले.) गंमत म्हणजे मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली स्वतः १७९१ मध्ये वारला तो चर्च ऑफ इंग्लंडचा पाद्री म्हणूनच, आणि या इमारतींना तो बहुधा नुसते 'प्रवचनघर' म्हणे.

पण ते राहू द्या. खरी मौज शब्दाच्या पोटात आहे. चौथ्या शतकातला मार्टिन नावाचा रोमन शिपाई. कडाक्याच्या थंडीत आमिएँच्या वेशीवर उघडा भिकारी दिसला, तेव्हा त्याने तलवारीने आपला झगा फाडून अर्धा त्याला दिला, अशी कथा. लॅटिनमध्ये झगा म्हणजे 'काप्पा', छोटा झगा 'काप्पेल्ला'. संत मार्टिनचा तो झगा फ्रँक राजांनी जपला. त्यावर शपथा घेतल्या जात, तो लढाईवर नेला जाई. झगा ठेवायची जागाही काप्पेल्ला, आणि राखणारा तो चॅप्लेन. चार्ली चॅप्लिनचे आडनाव त्याच घरातले!

यावर काही पंडित 'कापेल्ला' म्हणजे शेळी असे सांगून शेळीच्या कातड्याच्या तंबूची कथा रचतात. अहो, 'प' मोजा की! एका 'प'ची कापेल्ला ती शेळी. ती आकाशात तारा होऊन आहे, आपण तिला ब्रह्महृदय म्हणतो. चॅपलमध्ये तिचे काही काम नाही. चॅपल 'छप्पर'वरून काढणाऱ्यांना तर लांबूनच नमस्कार.

हां, मराठीत काय म्हणावे? मेथडिस्टांचे असेल तर चॅपलच म्हणा. झग्याचे नाते जवळून पाहायचे असेल तर गोव्यात जा. पोर्तुगीज 'कापेला'वरून आलेले 'कपेल' तिथे वाड्यावाड्यावर आहे, आणि गावाची मोठी ती इगर्ज. आता तिथले कपेल खरोखरच लहान असते, हे मला कबूल करावे लागते.