कोलेस्ट्रॉलची गोळी चालू असताना व्हिटॅमिनच्या गोळ्या घेतल्या तर चालतं का?

साधी मल्टिव्हिटॅमिन असेल तर खुशाल घ्या. ॲटोरव्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन, म्हणजे कोलेस्ट्रॉलच्या 'स्टॅटिन' गोळ्या, यांतल्या कशाशीच तिचं वाकडं नाही. पण 'पाय दुखतात तर स्टॅटिन सोडा, व्हिटॅमिनवरच राहा असं एक नातेवाईक सांगतात' हे तुमचं वाक्य वाचलं आणि राहवेना. असे नातेवाईक आमच्याकडेही आहेत.

आमचे आप्पा अमळनेरचे. स्टेंट बसवल्यापासून ॲटोरव्हास्टॅटिन चालू होती. पोटऱ्या दुखू लागल्या. मेहुणे तेव्हा कुठल्याशा कंपनीच्या चेनमध्ये शिरले होते, प्रत्येक दुखण्यावर त्यांच्याकडे डबा तयार. त्यांनी गोळी बंद करवली, डबे दिले आणि वर मेडिकलमधून व्हिटॅमिन डीची पाकिटं आणून दिली. ६०,००० युनिटचं पाकीट आठवड्याला एक घ्यायचं असतं. आप्पा रोज रात्री दुधातून घ्यायचे. मी हटकलं तर मेहुणे म्हणाले, "व्हिटॅमिन शे ते, जहर नही." जावयासमोर कोण बोलणार! आईनं मलाच गप्प बसवलं.

पुढे आप्पांचं जेवण तुटलं, पोट साफ होईना, सारखी तहान, मग बरळायला लागले. जळगावला ॲडमिट केलं तर रक्तातलं कॅल्शियम १३ च्या वर; व्हिटॅमिन डी जास्त झालं की ते चढतं. साडेदहाच्या आत असावं लागतं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचा आकडा, तोही चढलेला. सलाईनवर सलाईन लागल्या. व्हिटॅमिन डी चरबीत साठून बसतं, त्यामुळे पाकिटं थांबवली तरी पुढे बरेच आठवडे रक्त तपासत राहावं लागलं. आणि पोटऱ्या कशानं दुखत होत्या? थायरॉईडच्या तपासणीतला टीएसएच वाढलेला निघाला. थायरॉईड मंदावलं की कोलेस्ट्रॉल वाढतं आणि स्टॅटिननं स्नायूही जास्त धरतात. आधी थायरॉईडची गोळी, मग स्टॅटिन परत. आता आप्पा मार्केट यार्डापर्यंत पायी जाऊन येतात. मेहुण्यांच्या मते मात्र किडनीला धक्का स्टॅटिननंच दिला.

तुम्ही नायसिन, म्हणजे बी-थ्री, मोठ्या डोसात घेणार असाल तर नको. स्टॅटिनसोबत देऊन मोठे अभ्यास झाले, २०११ आणि २०१४ साली निकाल आले, हृदयाला जादा फायदा काही दिसला नाही. उलट स्नायूंना त्रास व्हायचा धोका वाढतो. लाल यीस्ट तांदळाच्या 'नैसर्गिक' कॅप्सूलही नकोत, त्यात लोव्हास्टॅटिनच असतं, म्हणजे एकाच जातीचं औषध दोनदा. केसांसाठी बायोटिन चालू असेल तर थायरॉईडच्या तपासणीआधी लॅबवाल्याला सांगा, रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो.

अर्थात मी डॉक्टर नाही. आणि डीची कमतरता खरंच असते, आमच्या ४५ अंशांच्या उन्हातही लोकांना असते, कारण त्या उन्हात बाहेर पडतो कोण? तेव्हा रक्त तपासून, डॉक्टर सांगतील तितकंच घ्या. लघवी गडद झाली किंवा अंग फारच दुखलं तर लगेच दाखवा, पण डॉक्टर सोडून इतर कुणाच्या सांगण्यावरून स्टॅटिन सोडू नका.

मेहुणे इथे वाचतात हे मला माहीत आहे. दाजी, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ताईला घेऊन याल तेव्हा आप्पांची फाईल काढून ठेवतो. कॅल्शियमचा रिपोर्ट सगळ्यात वर आहे.