खोल समुद्रातल्या खेकड्यात खरंच ८० टक्के प्रोटीन असतं का?

तुम्ही विचारलंय की जिममधला ट्रेनर म्हणतो डीप सी खेकड्यात ८० टक्के प्रोटीन असतं, आपल्या चिंबोरीत तेवढं नसतं, तर ऑनलाइन फ्रोझन किंग क्रॅब मागवू का. मी तळोज्याला सीफूड एक्स्पोर्टवाल्यांच्या लॅबमध्ये आहे, मासळीतलं पाणी आणि प्रोटीन मोजणं हेच रोजचं काम, म्हणून लिहिते.

आकडा खोटा नाहीये, पण तो सुक्या वजनावरचा आहे. आम्ही मांस ओव्हनमध्ये १०५ डिग्रीला ठेवतो, पाणी सगळं उडून जातं आणि डिशमध्ये चिमूटभर चिवट पापुद्रा उरतो, त्याच्यावर टक्के काढले की ८०-९० येणारच, मग खेकडा खोल पाण्यातला असो नाहीतर खाडीतला. ताटात मात्र ओलाच येतो ना. अलास्काच्या किंग क्रॅबच्या १०० ग्रॅम कच्च्या मांसात जवळजवळ ८० ग्रॅम पाणी, प्रोटीन १८ च्या आसपास, फॅट अर्धा-पाऊण ग्रॅम, कॅलरी ८४. तसाच खोल, थंड पाण्यातला स्नो क्रॅब, त्यात प्रोटीन साडेअठरा. आणि उथळ पाण्यातला अमेरिकन ब्लू क्रॅब, जो आपल्या तीन ठिपकेवाल्या खेकड्याच्याच खानदानातला, त्यातही १८. म्हणजे खोल पाण्यातला म्हणून प्रोटीनसाठी जास्तीचे पैसे द्यायची काही गरज नाही.

उलट एक गंमत सांगते. लॅबमध्ये प्रोटीन थेट मोजत नाहीत, नायट्रोजन मोजून ६.२५ ने गुणतात. खोल पाण्यातले प्राणी दाब सहन करायला अंगात टीएमएओ नावाचं द्रव्य जास्त साठवतात आणि त्यातही नायट्रोजन असतो, तो पण प्रोटीन म्हणूनच धरला जातो, त्यामुळे आकडा थोडा फुगतो.

खरा फरक मिठात आहे. किंग क्रॅब बहुतेक वेळा उकडून, खारवलेल्या पाण्यात गोठवून येतो. १०० ग्रॅम शिजलेल्या मांसात सोडियम १००० मिलिग्रॅमच्या वर आणि अख्ख्या दिवसाची मर्यादा २०००. ब्लू क्रॅबच्या कच्च्या मांसात ३०० च्या आत. बीपी असेल तर हे आधी बघा.

बाकी खेकडा चांगलाच आहे हो. शिजलेल्या किंग क्रॅबमध्ये १०० ग्रॅमला झिंक साडेसात मिलिग्रॅम, बी१२ तर ११ मायक्रोग्रॅम म्हणजे दिवसाच्या गरजेच्या चौपट, ओमेगा-३ साधारण ०.४ ग्रॅम, शिवाय सेलेनियम. तांबंही भरपूर, कारण खेकड्याच्या रक्तात ऑक्सिजन लोखंडावर नाही, तांब्यावर वाहतो. म्हणूनच "खेकड्याचं सूप प्या, रक्त वाढेल" हे मला पटत नाही, लोह एक मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही. कॅल्शियमचंही तेच, मांसात ५०-६० मिलिग्रॅम, तेवढ्याच दुधात त्याच्या दुप्पट. कॅल्शियम सगळं कवचात, आणि बारीक पाय मिक्सरला फिरवून गाळलेला रस कालवणात घातला तरी कवच गाळणीतच राहतं.

खोल पाण्यातला खेकडा आपल्या अरबी समुद्रातही आहे, कॅरिब्डिस स्मिथी नावाचा, झुंडीने पोहतो, टुना मासे त्याच्यावर ताव मारतात. पण आकाराने लहान, सोलत बसलात तर हातात फारसं काही येत नाही.

कवचाखालचा तपकिरी-पिवळा मऊ भाग लोक मिटक्या मारत खातात. चव असते, पण ते त्याचं लिव्हर, कॅडमियम तिथेच साचतं. युरोपियन कमिशनने २०११ मध्ये याबद्दल लोकांना सावधही केलं होतं. पांढऱ्या मांसात ते खूप कमी असतं. कधीमधी खा, रोज नको.

माझं मत विचाराल तर मुंबईत सिटीलाईटच्या किंवा दादरच्या मासळीबाजारात जिवंत चिंबोरी घ्या, हातात जड लागणारी, पोटाकडून दाबल्यावर न दबणारी. नुकतीच कात टाकलेली असली की नव्या कवचात पाणीच जास्त असतं, मांस पाणचट, प्रोटीनही कमी. खेकडा कधी भरलेला असतो ते कोळीण अमावस्या-पौर्णिमेवरून सांगेल, ते ऐका, पण दाबून बघाच. यूरिक ॲसिड वाढलेलं असेल तर डॉक्टरला विचारून, आणि कोलंबीने अंगावर पित्त उठत असेल तर खेकडा पण नकोच, तो ॲलर्जीवाला प्रोटीन शिजवून जात नाही.

आणि फ्रोझनमध्येच घ्यायचं ठरवलंत तर ते स्वस्त क्रॅब स्टिक उचलू नका, तो रंग लावलेला माशाचा लगदा असतो, प्रोटीन ७-८ ग्रॅम आणि वर स्टार्च-साखर.