कंपनी वाढली, पण कशाच्या जोरावर?

प्रश्न : माझी मुलगी सांगलीच्या कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एकीकडे पुण्याची पर्सिस्टंट सिस्टिम्स पाच वर्षांत अडीच पटींहून मोठी झाल्याचं वाचतो, दुसरीकडे टीसीएस बारा हजार माणसं कमी करते. खरं काय मानायचं? शिवाय एक क्लासवाले दीड लाखात एआयचा कोर्स घ्या म्हणून मागे लागलेत. — एक पालक, मिरज

उत्तर : नमस्कार. दोन्ही बातम्या खऱ्या आहेत. टीसीएसने जुलै २०२५ मध्ये जाहीर केलेली कपात एकूण सहा लाखांतल्या सुमारे दोन टक्क्यांची होती, आणि ती मुख्यतः मधल्या व वरच्या फळीतली. म्हणजे तुमच्या मुलीच्या वयाच्या मुलांवर तिचा थेट रोख नव्हता. तरी ती बातमी सोडून द्यावी असं मी म्हणणार नाही.

आधी पर्सिस्टंटकडे बघू. आनंद देशपांडे अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात पीएचडी करून, एचपीच्या प्रयोगशाळेत काम करून परतले आणि १९९० मध्ये त्यांनी पुण्यात ही कंपनी काढली. डेटाबेस, म्हणजे प्रचंड माहिती साठवून हवी ती चटकन शोधून देणारी प्रणाली, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. त्या काळात आपल्याकडच्या बहुतेक कंपन्या परदेशी बँका आणि विमा कंपन्यांच्या जुन्या प्रणाली सांभाळण्याचं काम घेत. यांनी वेगळं गिऱ्हाईक धरलं : ज्या अमेरिकन कंपन्या स्वतःच सॉफ्टवेअर बनवून विकतात, त्या. प्रॉडक्ट त्यांचं, पण त्यातला काही कोड लिहिणं, तपासणं, नव्या आवृत्त्या काढणं हे काम पुण्यात. असल्या कामात इंजिनिअरला प्रॉडक्टच्या पोटात शिरावंच लागतं. २०१० मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. पुढे बँका आणि आरोग्यक्षेत्रातली गिऱ्हाइकं वाढली, म्हणजे आता तीही बऱ्याच अंशी मोठ्या कंपन्यांच्याच मैदानात उतरली आहे.

आता थोडं गणित, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्यातच आहे. २०१९-२० मध्ये पर्सिस्टंटचा महसूल सुमारे ५० कोटी डॉलर होता आणि माणसं साधारण साडेदहा हजार. २०२४-२५ मध्ये महसूल १४१ कोटी डॉलर, माणसं साडेचोवीस हजारांच्या आसपास. महसूल पावणेतीन पट झाला, पण माणसंही सव्वादोन पटींहून जास्त झाली. माणशी महसूल ४७-४८ हजार डॉलरवरून ५७ हजारांच्या घरात गेला. त्याच वर्षी टीसीएसचा महसूल ३,००० कोटी डॉलरच्या पुढे होता. सहा लाख माणसांनी भागलंत तर माणशी ५० हजार येतात. (हा पगार नव्हे बरं, कंपनीला मिळणारा पैसा.) म्हणजे एक कंपनी धावतेय आणि दुसरी रेंगाळतेय असं दिसलं, तरी दोघींचं इंजिन अजून एकाच जातीचं आहे : माणसं घ्यायची, गिऱ्हाइकाच्या कामावर लावायची, त्यांच्या वेळेचं बिल करायचं.

गेली तीस वर्षं या धंद्याचा पाया होता तो मोठ्या संख्येने घेतलेल्या फ्रेशर मुलांचा. टेस्टिंग, किरकोळ दुरुस्त्या, रात्रीचा सपोर्ट अशी कामं त्यांच्याकडे जात, आणि त्यातूनच ती शिकत. नेमकी हीच कामं आता कोड लिहिणारी साधनं करू लागली आहेत. गिऱ्हाईकही विचारतं, दहा जणांचं बिल कशाला, सहांत होईल की! म्हणून यापुढे कंपनी वाढली तरी नव्या मुलांची भरती त्याच पटीत वाढेल, असं धरून चालू नका. हे क्षेत्र मुलीने सोडावं असं मात्र मला अजिबात वाटत नाही. नुसतं कंपनीचं नाव बघून आत शिरण्याचे दिवस संपलेत, एवढंच.

तिच्या हातात अजून वर्ष-सव्वा वर्ष आहे. डेटाबेस आणि ऑपरेटिंग सिस्टिम हे विषय परीक्षेपुरते न ठेवता खोलात करू द्या. पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसचा कोड सगळ्यांसाठी खुला आहे, फुकट आहे. एखादी क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) संथ का चालते हे तिने तो उघडून शोधावं, जमलं तर एखादी छोटी दुरुस्ती पाठवून बघावी. मुलाखतीत ‘हे मी केलं आणि इथे अडले’ असं सांगता आलं, की समोरचा ताठ बसतो. प्रमाणपत्रांच्या फाइलने तो बसत नाही. दीड लाखाचा कोर्स नको. त्यातला बराचसा भाग एनपीटीईएलवर, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन शिकवणीच्या संकेतस्थळावर, मोफत शिकता येतो; परीक्षा द्यायची तरच थोडी फी पडते.

ऑफर लेटर हातात आलं की पॅकेजच्या आकड्याआधी दोन गोष्टी बघा. बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) किती वर्षांचा आहे आणि मोडला तर किती पैसे भरावे लागतात. आणि पॅकेजमधला किती भाग दरमहा हातात येणार, किती ‘व्हेरिएबल’ म्हणून वर्षअखेरीवर ढकललाय. रुजू झाल्यावर कुठल्या प्रकारचं काम मिळणार हे एचआरला बहुधा सांगता येत नाही. तेव्हा तुमच्या कॉलेजची दोन-तीन वर्षांपूर्वी तिथे लागलेली मुलं गाठा. ती बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना बसून, किती महिने होती आणि पहिला प्रोजेक्ट कसला मिळाला, हे मुलीने स्वतः फोन करून विचारावं. तुम्ही नका करू. वडिलांशी ती मुलं मोकळेपणाने बोलणार नाहीत.