बाबा, आईसारखं कर ना!

पत्र

ताई, बायकोच्या कामाची वेळ बदलली आणि चार महिन्यांपासून रात्रीचा स्वयंपाक माझ्याकडे आला. मुलगी साडेपाच वर्षांची आहे, मुलगा तीनचा. मला स्वयंपाकाची आवड आहे, त्यामुळे सुरुवात मोठ्या हौसेने केली. फोनवर बघून रोज काहीतरी नवीन करतो, तासभर खपतो. मुलं एक घास घेतात आणि तोंड वाकडं करतात. मुलगी म्हणते, "बाबा, आईसारखं कर ना." धाकटा तर भाजीचे तुकडे एकेक उचलून ताटाच्या कडेला ओळीत लावतो. मी आधी समजावतो, मग चॉकलेटचं आमिष दाखवतो, मग आवाज चढतो आणि शेवटी दूध-बिस्किटांवर भागतं. परवा बायको आली तेव्हा मुलं जागीच होती. तिने काही न बोलता साधा भात कालवून भरवला आणि दोघांनी चाटूनपुसून खाल्ला. मला ते फार लागलं. मुलांना आवडतील अशा सोप्या नवीन रेसिपी सुचवा, नाहीतर हे सगळं सोडून देऊ का ते तरी सांगा.
– हात टेकलेला बाबा

उत्तर

सोडायचं मुळीच नाही. रोज नवीन करणं मात्र आजपासून बंद.

रेसिपी मागितल्यात, त्या देते, पण थोड्या वेळाने. तुमच्या घरात रेसिपींचा तुटवडा नाहीच, उलट त्या जास्त झाल्यात. चार महिने रोज नवीन पदार्थ म्हणजे प्रत्येक पदार्थ मुलांना एकदाच भेटला. पहिल्या भेटीत नापास झाला की दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा हजर. ओळख व्हायची कधी?

साधारण दोन ते सहा या वयात मुलांना अनोळखी अन्नाचा संशय येतो. तो हट्टीपणा नाही आणि तुमच्या हाताला चव नसल्याचा पुरावा तर नाहीच. चालायला लागलेलं मूल दिसेल ते तोंडात घालू शकतं, म्हणून अनोळखी गोष्ट टाळायची ही सावधगिरी निसर्गानेच दिली असावी, असं अभ्यासक मानतात. त्यात मुलांना कडवट चव मोठ्यांपेक्षा जास्त जाणवते. आपल्याला किंचित कडवट लागणारी पालेभाजी त्यांच्या जिभेवर वेगळीच लागत असणार.

दुसरी गोष्ट भुकेची. पहिल्या वर्षात बाळाचं वजन साधारण तिप्पट होतं, म्हणून ते सारखं खातं. दोन ते पाच या वयात वजन वर्षाला जेमतेम दोन-अडीच किलोने वाढतं. तीन वर्षांच्या मुलाची भूक खरोखरच कमी असते, शिवाय ती रोज सारखी नसते. आज चार घास, उद्या दोन वाट्या. तुम्ही ताट भरून वाढत असाल तर ते ताट बघूनच तो दमत असेल. नवीन पदार्थ एक चमचा वाढा, तेवढा पुरतो.

लीअ‍ॅन बर्च या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1982 मध्ये दोन वर्षांच्या मुलांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पदार्थ जितक्या जास्त वेळा चाखला, तितका तो मुलांना जास्त आवडू लागला, असं त्यात दिसलं. त्यानंतर बरंच काम झालं आणि आज साधारण सल्ला असा दिला जातो, की एखादा नवा पदार्थ पटायला आठ ते पंधरा वेळा समोर यावा लागू शकतो. बहुतेक आईबाप त्याच्या खूप आधी "याला हे आवडत नाही" असा शिक्का मारून मोकळे होतात. म्हणून आठवड्याला एकच नवीन पदार्थ घ्या, तोच दोन-तीनदा करा आणि पुढच्या आठवड्यात परत आणा. तुमचा तासही वाचेल.

नवीन म्हणजे तरी किती नवीन? मुलं जे हमखास खातात त्यात एकच बदल करायचा. समजा दोघं साधं ऑम्लेट खातात. पहिल्यांदा त्यात थोडं किसलेलं चीज घाला. ते रुळलं की गाजर. पण गाजर किसून थेट अंड्यात टाकू नका, पाणी सुटून ऑम्लेट गिळगिळीत होतं आणि मुलांचा नकार बहुतेक वेळा चवीपेक्षा त्या गिळगिळीतपणाला असतो. कीस थोड्या तेलावर मध्यम आचेवर परता. आधी तो ओलसर चमकतो, मग तव्याला किंचित चिकटू लागतो, रंग गडद होतो आणि गोडसर वास येतो. तेव्हा अंडं ओता आणि पूर्ण शिजू द्या, मुलांसाठी मधे कच्चं राहायला नको. गाजर लपवू नका. "यात गाजर आहे" असं सरळ सांगा. फसवून खाऊ घातलेलं एक दिवस उघडकीला येतं आणि मग ऑम्लेटही हातचं जातं.

ताटात एक तरी ओळखीची गोष्ट हवीच. साधा भात, ब्रेड, दही, केळं, काहीही. नव्या पदार्थाला हात लावला नाही तरी मूल उपाशी उठत नाही, म्हणून तुमचाही जीव टांगणीला लागत नाही. हे जमलं की दूध-बिस्किटांचा प्रश्न जवळजवळ सुटतो. सध्या तुमच्या मुलांना पक्कं ठाऊक आहे, की अर्धा तास नाही म्हणत राहिलं की बिस्किटं येतात. त्यांच्या जागी मीही नाहीच म्हणेन. दूध जेवणाच्या तासभर आधी बंद करा. दिवसभरात साधारण अर्ध्या लिटरच्या आसपास पुरे. दूध फार झालं की भूक मरते आणि लोहाची कमतरताही होऊ शकते.

आता तुमच्या आवाजाबद्दल. 2006 मध्ये तीन ते पाच वर्षांच्या मुलांवरचा एक अमेरिकन अभ्यास प्रसिद्ध झाला. मुलांना दोन प्रकारची सूपं दिली होती, त्यातलं एक देताना "सूप संपव" असं सारखं म्हटलं गेलं. मुलांनी ज्या सूपाचा आग्रह झाला ते कमी खाल्लं आणि त्याच्याबद्दल कुरकुरही जास्त केली. चॉकलेटच्या आमिषाचंही तेच होतं. "भाजी खाल्लीस तर चॉकलेट" या वाक्यातून मुलाला एवढंच कळतं, की भाजी ही शिक्षा आहे आणि चॉकलेट बक्षीस. एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंनी मांडलेली कामाची वाटणी मला आजही सगळ्यात सोयीची वाटते. काय वाढायचं, केव्हा आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती हे मुलाने. तुमचं काम ताट वाढून झालं की संपलं. मग तुम्ही तुमचं जेवा, चवीने जेवा, आणि त्यांच्या घासांकडे बघत बसू नका. ती नजर मुलांना बरोबर कळते.

धाकटा तुकडे ओळीत लावतो ना, लावू द्या. तो त्यांना हात लावतोय, मोजतोय, वास घेतोय. तोंडात जाण्याआधीच्या पायऱ्या ह्याच. त्याला एक रिकामी वाटी द्या, "नको ते इथे ठेव" म्हणा. एखाद्या दिवशी तो त्यातलाच एक तुकडा चाटून परत ठेवेल. त्या वेळी टाळ्या वाजवू नका, घरात सगळ्यांना सांगत सुटू नका. न पाहिल्यासारखं करा.

तर रेसिपी.

बटाटा-मटार टिक्की. दोन मध्यम बटाटे उकडून पूर्ण गार होऊ द्या आणि मग किसा. गरम असताना मळले तर वाफेच्या ओलाव्याने टिक्की तव्यावर फुटते. अर्धी वाटी मटार उकडून निथळून ठेचा, धाकट्यासाठी अख्खा दाणा ठेवू नका. ब्रेडचा चुरा दोन-तीन चमचे, बेताचं मीठ. लहान आणि चपट्या करा, मुलांच्या हातात मावतील एवढ्या. कडा तांबूस दिसेपर्यंत उलटायची घाई करू नका. मुलांच्या झाल्या की उरलेल्या मिश्रणात तुमच्यासाठी मिरची घाला, म्हणजे दोन स्वयंपाक होत नाहीत.

अंडं-भात. उरलेला भात मोकळा होतो, म्हणून तोच बरा. पण तो शिजल्यावर तासाभरात पसरून गार करून फ्रिजमध्ये गेला पाहिजे आणि दुसऱ्या दिवशीच संपला पाहिजे. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात असे जंतू वाढतात ज्यांचं विष परत गरम करूनही जात नाही. भात वाफा येईपर्यंत गरम करा, कडेला सारून मधे अंडं फोडा, ते पूर्ण शिजलं की एकत्र करा. इतकंच. पहिल्या वेळी यात दुसरं काहीही नको.

लाल भोपळ्याचं सूप सगळ्यात निवांत. कांदा मऊ परता, भोपळ्याच्या फोडी आणि पाणी घालून शिजवा, घोटा, शेवटी थोडं दूध. भोपळा मुळात गोडसर असल्याने साखर लागत नाही. सोबत भाजलेल्या ब्रेडच्या पट्ट्या बुडवायला द्या, मुलं बुडवण्यासाठी खातात.

फ्लॉवर करत असाल तर पाण्यात फार वेळ उकळू नका, गंधकाचा उग्र वास सुटतो. लहान तुरे तेलात घोळवून रुंद तव्यावर, तांबूस डाग पडेपर्यंत भाजा. गोडवा येतो.

एक सावधगिरी: अख्खा सुकामेवा आणि अख्खी द्राक्षं धाकट्याला देऊ नका. सुकामेवा कुटून, द्राक्षं उभी चार भागांत चिरून. आणि खाताना बसलेलं हवं, पळत पळत नाही.

मुलीच्या वाक्याकडे मात्र मी परत येणार आहे. "आईसारखं कर ना." तुम्ही ते तुमच्या स्वयंपाकावरचा शेरा म्हणून ऐकलंत. मला वाटतं, तिला आई हवी आहे. चार महिन्यांपूर्वीपर्यंत जेवायच्या वेळी आई समोर होती, आता नाही. साडेपाच वर्षांची मुलगी हे "मला आईची आठवण येते" असं सांगेलच असं नाही, ती भाताबद्दल तक्रार करते. पुढच्या वेळी ती असं म्हणाली की पदार्थाची बाजू मांडू नका. "आई आत्ता हवी होती ना?" एवढं विचारा आणि ती काय बोलते ते ऐका. मग तिला कामाला लावा. मटार सोलणं, अंडं फोडणं, पालक धुणं, कोणती भाजी करायची ते दोनांतून निवडणं, हे तिला जमतं. विस्तव आणि सुरी तुमच्याकडे. स्वतः फोडलेल्या अंड्याचं ऑम्लेट मुलं सहसा निदान चाखून तरी बघतात.

आणि बायको. तिने भात कालवला तेव्हा तुम्हाला वाटलं, तिने निकाल दिला. दिवसभर मुलांपासून लांब राहिलेली बाई घरी येते, मुलं जागी सापडतात, ती त्यांना भरवते. माझ्या मते तिला तुमच्या स्वयंपाकाचा विचार त्या क्षणी शिवलाही नसेल. तिला मुलांजवळ बसायचं होतं. तुम्हाला लागलं हेही खरंच, पण ते तिला ठाऊक नाही, कारण तुम्ही ते मला लिहिलंत, तिला सांगितलं नाहीत. सुट्टीच्या दिवशी, मुलं झोपल्यावर, सांगा. भांडण म्हणून नाही. तिच्याकडून एकच मागा: रात्रीचं जेवण झाल्यावर दुसरी पंगत नको. आल्यावर तिला मुलांना जवळ घ्यायचं असेल तर गोष्ट सांगू दे, दात घासू दे, झोपवू दे. आणि तुम्ही केलेलं, झाकून ठेवलेलं ती मुलांसमोर चवीने खाऊ दे. आई खातेय हे बघून जे होतं ते तुमच्या शंभर समजावण्यांनी होणार नाही. बदल्यात तो भात ती कसा कालवते ते शिकून घ्या. मीठ किती, किती मऊ, कोणत्या वाटीत. मुलांच्या ताटातली ती ओळखीची गोष्ट तोच होऊ दे. यात कमीपणा काही नाही.

मुलाचं वजन वाढणं थांबलं, खाताना वरचेवर ठसका लागत असेल किंवा ओकारी येत असेल, आधी खात असलेले पदार्थही एकेक करून सुटत चालले असतील, तर मात्र सल्ला स्तंभाला लिहीत बसू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. तुमच्या पत्रावरून तसं काही दिसत नाही.

राहिली तुमची हौस. पंधरा जिन्नसांच्या त्या रेसिपी टाकून देऊ नका. आठवड्यातून एकदा, सुट्टीच्या दुपारी, त्या तुम्हा दोघा मोठ्यांसाठी करा, हव्या तेवढ्या तिखट. मुलांनी मागितलं तर एक चमचा द्या. नाही मागितलं तर तुम्हा दोघांना जास्त उरेल.