ॲनिमेशनमध्ये मधल्या फ्रेम कॉम्प्युटर स्वतःच काढतो का?
काढतो, पण सगळं त्याच्यावर सोडलं तर फसगत होते. सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे स्थिर चित्रं. ॲनिमेटर मोक्याच्या पोझ, म्हणजे कीफ्रेम देतो. मधलं सॉफ्टवेअर गणिताने भरतं. उसळता चेंडू घ्या: पहिली फ्रेम वर, १३वी जमिनीवर, २५वी पुन्हा वर. ब्लेंडर हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर एरवी प्रत्येक टोकाला वेग कमी करतं, त्यामुळे चेंडू फुग्यासारखा अलगद टेकतो! ग्राफ एडिटरमध्ये, म्हणजे हालचाल वक्ररेषेत दिसते त्या खिडकीत, १३व्या फ्रेमची कीफ्रेम निवडा, हँडल (वक्राला आकार देणारी दांडी) टाइप ‘व्हेक्टर’ करा. खाली वक्राला टोक आलं की आपटल्याचा भास होतो. वरचे वक्र गोलच राहू द्या, तिथे चेंडू क्षणभर रेंगाळायलाच हवा. चालणाऱ्या पात्राचे पाय घसरतात, तेही बहुतेकदा या मधल्या फ्रेममुळेच. म्हणून पायांना आयके (इन्व्हर्स किनेमॅटिक्स: पाऊल ठेवाल तिथे, त्यानुसार बाकीचा पाय आपोआप वळतो) लावून ते जमिनीला खिळवतात.